खालच्या पाण्याची सही

मार्चअखेरच्या पुराने आर्डेल हौगस्टाडच्या कुरणाचे आणखी अकरा फूट नेले. त्याने टेप लावून मोजले. मागच्या वर्षी काठापासून अठरा फुटांवर ठोकलेला कुंपणाचा खुंट आता सात फुटांवर आला होता. त्याच्या पुढचे दोन खुंट तारेला लटकून पाण्यावर झुलत होते. ओढा अजून गढूळ होता आणि दर पाच-दहा मिनिटांनी काठाची एखादी ढेप गवतासकट पाण्यात पडत होती.

दरीत ओढा एकच होता, पण त्याची नावे दोन होती. बाप वारल्यावर शेत दोघा भावांत वाटले गेले. थोरल्या आर्डेलकडे वरचे शेत, जुना गोठा आणि पाऊण मैल ओढा आला. ते वरचे पाणी. धाकट्या व्हर्लिनकडे खालचे शेत, डांबरी रस्ता, पूल आणि जवळपास तेवढाच ओढा आला. ते खालचे पाणी. आर्डेल आता एकोणसत्तर वर्षांचा होता, व्हर्लिन चौसष्टचा. एकाकडे बेचाळीस गाई, दुसऱ्याकडे अडतीस. गवताचे गठ्ठे बांधायचे यंत्र दोघांत मिळून एक.

बाप होता तेव्हा एकदा दोघे भाऊ जत्रेला गेले आणि मागे गोठा जळाला. नऊ गाई गेल्या. त्यानंतर दोघे एकाच दिवशी दरीबाहेर पडले नाहीत. एक गेला की दुसरा दोन्ही गोठ्यांचे दूध काढी. लग्ने, दवाखाने, मुलांच्या शाळेचे समारंभ, सगळे असे वाटून घेतलेले होते.

विस्कॉन्सिन राज्याच्या मत्स्य खात्याच्या विटकोव्स्की बाई मे महिन्यात आल्या. तिशीच्या असतील. पायात रबरी बूट, काखेत नकाशाची गुंडाळी. आर्डेलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला. त्याचे कोपरे दाबायला आर्डेलच्या बायकोने, मार्लिसने, चार कप ठेवले आणि त्यांतच कॉफी ओतली. व्हर्लिनही आला होता.

"काठापासून सहासष्ट फूट, दोन्ही अंगांना," बाई म्हणाल्या. "जमीन तुमचीच. गाई चारा, गवत कापा. फक्त गळ टाकायला लोकांना पायी येता येईल. त्याबद्दल खातं पैसे देतं आणि काठ बांधून देतं. उतार करून दगडाचं पिचिंग."

"सक्तीचं आहे का?" आर्डेलने विचारले.

"मुळीच नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी कॉफी पिऊन निघेन."

"ही कॉफी पिऊन विमावाला निघाला, तो परत आला नाही," व्हर्लिन म्हणाला.

"तू मात्र रोज येतोस," मार्लिस म्हणाली.

"किती वर्षांसाठी?" आर्डेल म्हणाला. तो नकाशावरच्या निळ्या रेषेकडे बघत होता.

"कायमचं. मुलांना, नातवंडांना, उद्या ज्याला शेत विकाल त्यालाही बांधील."

मार्लिसने विचारले, "आणि लोक येणार कुठून? आमच्या अंगणातून?"

बाईंनी पुलावर बोट ठेवले. "इथून. मिस्टर व्हर्लिन यांच्या पुलाशी गाड्या लावायला जागा करू. तिथून काठाकाठाने वर येतील. तुमच्या घराकडे कोणी फिरकणार नाही. पण त्यासाठी दोघांनीही सही करायला हवी."

"मला तर आवडेल," व्हर्लिन म्हणाला. "बाबांच्या वेळी कोणीही यायचं. पुलावर गाडी लावायची, जाताना दोन ट्राउट मासे दारात ठेवायचे. आई ओरडायची, साफ कोण करणार म्हणून."

आर्डेलला 'कायमचं' हा शब्द पचायला महिना लागला. त्या महिन्यात व्हर्लिनने त्याला चार वेळा तरी समजावले. काठ राहिला तर कुरण राहील. आपल्या दोघांच्या खिशातून इतका दगड कधी पडणार आहे? आणि ओढा बांधून ठेवायची वस्तू आहे का? जूनअखेर आर्डेल हो म्हणाला.

सहीचा दिवस जुलैतला गुरुवार ठरला. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीचे गाव चाळीस मैलांवर. गवताची दुसरी कापणी जमिनीवर पडली होती आणि शुक्रवारी पावसाचा अंदाज होता.

"आधी तू जा," व्हर्लिन म्हणाला. "थोरला आहेस. मी गठ्ठे बांधतो, तुझ्या गाईंचंही बघतो. पुढच्या गुरुवारी मी जातो, तू थांब."

कचेरीत आर्डेल चर्चचा शर्ट घालून बसला. बायकोचीही सही लागणार होती. मार्लिसने कागद पहिल्यापासून वाचायला घेतला. नवव्या कलमाशी तिचे बोट थांबले. दुसरी वाट होईपर्यंत लोकांना घरमालकाच्या अंगणातल्या रस्त्याने ओढ्यापर्यंत पायी जाता येईल, असे त्यात होते.

"हे काय?"

"पुलाशी जागा झाली की हे कलम संपतं," विटकोव्स्की बाई म्हणाल्या. "तुमच्या दिरांची सही व्हायची आहे म्हणून घालावं लागलं."

"आणि नाही झाली तर?"

"मार्लिस, तो माझा भाऊ आहे," आर्डेल म्हणाला.

बाईंनी पेनाचे टोपण पुन्हा लावले. "हवं तर थांबू या. दोघांच्या सह्या एकाच दिवशी घेऊ. मला घाई नाही."

"आम्ही दोघं एका दिवशी येत नसतो," आर्डेल म्हणाला. "गाई असतात."

त्याने सही केली. मार्लिसने पेन इतके दाबून सही केली की खालच्या कागदावर वळ उठले.

ते परत आले तेव्हा साडेपाच वाजले होते. सगळे गवत गोळा झालेले होते, चारशेवर गठ्ठे माळ्यावर गेले होते, आणि व्हर्लिन आर्डेलच्या गोठ्यात शेवटच्या चार गाईंशी होता. मानेला गवताचा भुसा चिकटलेला, शर्ट पाठीशी काळा पडलेला.

"झालं?"

"झालं."

"पुढचा गुरुवार माझा," व्हर्लिन म्हणाला आणि त्याने दूध काढायच्या यंत्राचे कप पुढच्या गाईला लावले.

पुढच्या गुरुवारी व्हर्लिनची दाढ सुजली. त्याच्या पुढच्या गुरुवारी ओट कापायला आला. ऑगस्टात आर्डेलने एकदा विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाई कुठे पळून चालल्यात का?" आर्डेलने पुन्हा विचारले नाही. दुसऱ्यांदा विचारणे म्हणजे शंका घेणे, आणि शंका घ्यायची पद्धत त्या घरात नव्हती.

सप्टेंबरात खात्याची यंत्रे वरच्या पाण्यावर आली. तीन आठवड्यांत काठ उतरता झाला, पाण्याच्या रेषेत दगड बसले, वळणांवर पाण्याखाली जाड फळ्यांची छपरे झाली. माशांना सावली म्हणून. ऑक्टोबरात पाणी निवळले तेव्हा त्या छपरांखालून ट्राउट बाहेर येताना काठावरून दिसू लागले. एका दुपारी नव्या जीपमधून दोन माणसे आली. आर्डेलला वाटले, खात्याचीच. त्याने त्यांना सगळे वरचे पाणी हिंडून दाखवले, कुठल्या वळणाला जास्त मासे ते सांगितले. मार्लिसने त्यांना बटाट्याच्या पातळ पोळ्या लोणी-साखर लावून दिल्या. माणसे आदबीने बोलली आणि जाताना पुलाच्या दिशेने गेली.

बर्फ पडले, वितळले. या खेपेला कुरणाचा एक फूटही गेला नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात व्हर्लिनने फोन केला. "खुंट ठोकायचं यंत्र लागेल तुझं. पुलाशी थोडं काम आहे."

"गाडीतळाचं?"

"त्याच कडेचं," व्हर्लिन म्हणाला.

आर्डेलने यंत्र ट्रॅक्टरला लावले आणि स्वतःच घेऊन गेला. खुंट नवे होते, देवदाराचे, एका मापाचे. व्हर्लिन खुंट सरळ धरी, आर्डेल दांडा ओढी, वजन वर जाऊन धाडकन खाली येई. जमीन वरून मऊ आणि हातभर खाली अजून गोठलेली होती. दोघे फारसे बोलले नाहीत. आर्डेलला एवढेच खटकले की गाड्या लावायच्या जागेला खुंट इतक्या दूरपर्यंत कशाला, पुलापासून थेट आपल्या हद्दीपर्यंत. पण सरकारी काम, म्हणून तो ठोकत राहिला. चौतीस खुंट झाले. संध्याकाळी त्याला उजवा खांदा वर उचलता येईना. मार्लिसने मलम चोळले.

"शेवटी करतोय म्हणायचं सही," ती म्हणाली.

"मी म्हटलं नव्हतं?"

तीन दिवसांनी तो गाईंचे खाद्य आणायला पुलावरून निघाला. प्रत्येक खुंटावर पिवळी पाटी होती. खासगी पाणी. सभासदांखेरीज प्रवेश नाही. खाली शिकागोतल्या कुठल्याशा क्लबचे नाव. आर्डेलने पिकअप पुलावर थांबवली. मागून आलेल्या दुधाच्या टँकरने दोनदा भोंगा वाजवला, मग तिसऱ्यांदा.

व्हर्लिन गोठ्यात होता. आर्डेल दारातच उभा राहिला.

"विकलंस?"

"शेत नाही विकलं." व्हर्लिन गाईच्या पोटाआडून बोलला. "काठ विकलाय. दोन्ही अंगांचा, पुलाशेजारच्या जागेसकट. खातं देत होतं त्याच्या नऊपट."

"तू म्हणाला होतास सही करतो."

"म्हणालो होतो."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगणार होतो."

"कधी? गुरुवारी?"

व्हर्लिनने कास पुसली, फडके बादलीत टाकले. "गुडघ्यांत आता कूर्चा उरलेला नाही, आर्डेल. माझ्यामागे हे गोठे कोण बघणार आहे? तुला मार्लिस आहे. मला कोण आहे?" त्याची बायको जाऊन सहा वर्षे झाली होती. त्या दवाखान्याच्या चार महिन्यांत आर्डेलने रोज दोन्ही गोठ्यांचे दूध काढले होते. दोघांनाही ते आठवत होते आणि दोघांपैकी कोणीच तो विषय काढला नाही.

विटकोव्स्की बाई त्याच आठवड्यात आल्या. या वेळी त्यांनी कॉफी नको म्हटले.

"मी काही करू शकत नाही, मिस्टर हौगस्टाड. ऐच्छिक आहे, हे मी पहिल्याच दिवशी बोलले होते. तुमच्या कागदात तुमच्या भावाचं नाव कुठेच नाही."

"मग माझाही रद्द करा."

"कायमचा आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे पण बोलले होते." त्यांच्या माणसाने आर्डेलच्या टपालपेटीशेजारी तपकिरी पाटी रोवली. सार्वजनिक मासेमारी. बाण अंगणाकडे.

हंगाम मेच्या पहिल्या शनिवारी उघडला. पहाटे पाचला आर्डेल गोठ्यात होता. त्याने गाड्यांची दारे ऐकली, मोजली. अकरा गाड्या. छातीपर्यंत रबरी विजारी घातलेली माणसे गोठ्यावरून, मार्लिसच्या खिडकीवरून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून ओढ्याकडे निघाली. एकाने शौचालय कुठे म्हणून विचारले. एकाच्या कुत्र्याने कोंबड्या पळवल्या. हातात गळाची काठी आणि गळ्यात आमिषाच्या नकली माश्यांची पेटी घातलेला एक तरुण गोठ्यात डोकावला.

"तू इथे कामाला आहेस का?"

"हो," आर्डेल म्हणाला.

"मालक कुठे आहे? आभार मानायचे होते. असा दिलदार माणूस आजकाल मिळत नाही."

"बाहेर गेलाय."

मार्लिस स्वयंपाकघराचा पडदा ओढायला गेली. त्या खिडकीला पडदा नव्हताच. तिने टेबलावरचे कापड खिळे ठोकून लावले.

साडेनऊच्या सुमारास कळले की कोणीतरी कुरणाचे फाटक उघडे टाकले आहे. सहा कालवडी बाहेर होत्या. पाच रस्त्यावर सापडल्या. सहावी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, ओढ्यात उतरून खाली गेली होती. चिखलात तिच्या खुरांचे ठसे खालच्या पाण्याच्या हद्दीपर्यंत जात होते आणि तिथे पिवळी पाटी होती.

आर्डेल पाटीपाशी उभा राहिला. एरवी तो तार वाकवून सरळ गेला असता. साठ वर्षे असाच जात होता. त्याच्या मागे एक म्हातारा मासेमार उभा होता. ला क्रॉस शहरात शाळामास्तर होतो, म्हणाला. फाटकाचे ऐकून त्याला ओशाळल्यासारखे झाले होते.

"मी उघडं टाकलं नाही हो. पण आमच्यातल्याच कोणीतरी."

"आता काठावर पाय ठेवला तर हे लोक पोलीस बोलावतील."

"काठावर ना?" मास्तर म्हणाला. "पाण्यात बोलावता येत नाही. विस्कॉन्सिनचा कायदा आहे. वाहतं पाणी सगळ्यांचं. पाय पाण्यात आहेत तोवर कोणाच्याही शेतातून चालत जा. बाहेर टाकला की अतिक्रमण."

"नक्की?"

"चाळीस वर्षं तेच करतोय. पाय ओले ठेवायचे, बस."

आर्डेल गोठ्यातल्याच बुटांनी ओढ्यात उतरला. पाणी बर्फाचे होते आणि तिसऱ्या पावलाला बुटांच्या कडेवरून आत शिरले. तळाचे दगड गोल, शेवाळलेले. डावा गुडघा प्रत्येक पावलाला मागे राहत होता. तो हातांनी मांडीची विजार धरून पाय उचलायचा आणि पुढे टाकायचा. दोन्ही बाजूंना त्याने स्वतः ठोकलेले खुंट होते. एका डोहात पाणी कमरेवर आले आणि त्याचा श्वास अडकला. तरी काठाला हात लावला नाही.

पुलाच्या अलीकडे कालवड काठावर उभी राहून क्लबचे गवत खात होती. तिच्या पलीकडे, खुंटांच्या रांगेबाहेर, स्वतःच्या ओटाच्या शेतात व्हर्लिन उभा होता. त्यालाही कालवड दिसली होती. तो रांगेच्या आत आला नव्हता.

"आर्डेल! वेडा झालास का? बाहेर ये, मरशील थंडीने."

"कोणाच्या काठावरून येऊ?"

व्हर्लिनने पाटीकडे पाहिले.

"घरी चल. कॉफी आहे."

"परवानगी काढ. मी उभा आहे."

त्याला वाटले व्हर्लिन हसेल किंवा शिवी देईल. व्हर्लिनने खिशातून फोन काढला. चष्मा चढवला, नंबर शोधला, कानाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. आर्डेलच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले होते.

"उचलत नाहीत," व्हर्लिन म्हणाला. "शनिवार आहे."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"जुलैत? माझ्या गाईंचं दूध काढत होतास तेव्हा?"

"नाही!" व्हर्लिन एक पाऊल पुढे आला आणि खुंटाशी थांबला. "आईशपथ नाही. तेव्हा सही करणारच होतो. ती जीपवाली माणसं ऑक्टोबरात आली. तुझं पाणी बघून आली. तुझ्याकडे दगड पडले नसते तर माझ्या चिखलाला कोणी विचारलं नसतं."

"म्हणजे एप्रिलात माहीत होतं."

व्हर्लिनने चष्मा काढून खिशात ठेवला.

"चौतीस खुंट, व्हर्लिन."

"तू स्वतः यंत्र घेऊन आलास. इतक्या हौसेने आलास. मी कुठल्या तोंडाने बोलणार होतो?"

आर्डेलने मान वळवली. "कम बॉस," गाईंना बोलवायची नेहमीची हाक त्याने कालवडीला दिली. "कम बॉस, कम बॉस." कालवडीने डोके वर केले, कान हलवले आणि ती सावकाश पाण्यात उतरली. त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. अंग गरम होते. तिला वरच्या दिशेने वळवून, तिच्या अंगावर भार टाकत तो प्रवाहाविरुद्ध निघाला. मागून व्हर्लिनने एकदा हाक मारली. पाण्याच्या आवाजात पुढचे ऐकू आले नाही, आणि आर्डेल ऐकायला थांबला नाही.

रविवारी तो चर्चला गेला नाही. चाऱ्याच्या सायलोच्या मागे पडलेली एक फळी त्याने खरवडून काढली आणि ट्रॅक्टरचा लाल रंग शोधला. पाय सुजल्यामुळे त्याने खुर्ची अंगणात आणली होती. मार्लिस चर्चहून परतली तेव्हा अक्षरे झाली होती. हातमोजे काढत तिने वाचले. खालच्या पाण्याकडे जायला इथे ओढ्यात उतरा. सगळ्यांना मुभा आहे. पाय पाण्यातच ठेवा.

"त्याच्या दारापर्यंत पाठवणार तू लोकांना."

"क्लबच्या दारापर्यंत."

"म्हणजे आता दुप्पट लोक येणार. आपल्या अंगणातून."

"येतातच आहेत."

"आणि उद्या व्हर्लिन आला, म्हणाला की चुकलं, काठ परत घेतो, सही करतो, तर?"

आर्डेलने ब्रश डब्याच्या काठावर निथळला. "कायमचं विकलंय त्याने. मी दिलं तसंच."

मार्लिसने हातमोजे पिशवीत टाकले. चर्चमध्ये व्हर्लिन भेटला होता का, हे त्याने विचारले नाही. तिने सांगितले नाही.

"मग फाटकाला स्प्रिंग लाव," ती म्हणाली. "मी रोज रस्त्यावर कालवडी हाकणार नाही." आणि ती आत गेली.

बाण रंगवायचा राहिला होता. तो त्याने अक्षरे वाळल्यावर दुपारी रंगवला, ओढ्याकडे जाऊन खाली वळणारा. मग ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, भिंतीला धरून उभा राहिला आणि पाटी ओढ्याच्या वाटेवर टेकवून आला. सव्वाचार झाले होते. गाई गोठ्याच्या दारात जमल्या होत्या. अंगणातून तीन अनोळखी माणसे त्याच्याकडे न बघता चालली होती. त्यांतला एक पाटीपाशी थांबला, त्याने ती मोठ्याने वाचली आणि तिघेही पाण्यात उतरले.